परमुलखाचे रोप



जानेवारीच्या अखेरीस पुण्याच्या एम्प्रेस बागेत फुलांचे प्रदर्शन भरते. त्या चार दिवसांत पुणेकर माणूस थोडासा वेडा होतो. थंडी असते, ऊन कोवळे असते, आणि समोर जे जे फुललेले दिसेल ते ते आपल्याही दारी फुलेल असे त्याला वाटू लागते. मग डेलिया, पिटुनिया, पॅन्झी यांच्या कुंड्या रिक्षात मांडीवर घेऊन मंडळी घरी जातात. एप्रिल उजाडला की त्याच कुंड्या गच्चीच्या कोपऱ्यात उपड्या पडलेल्या दिसतात. पुढच्या जानेवारीत पुन्हा रिक्षा आणि पुन्हा मांडी. हे मी दुसऱ्याचे सांगत नाही, आमच्याच घरचे सांगतो आहे.

यंदा मात्र या हौसेला जरा निराळे वळण लागले. जुन्नर तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी त्याच दिवसांत घरी आला. मुलगा हुशार; पदवी घेऊन गावी गेला आणि शेती बघू लागला. चहा झाल्यावर म्हणाला, "सर, पाऊण एकरात सफरचंद लावतोय. रोपं हिमाचलहून यायचीत. पैसे सोसायटीकडून काढायचेत. पण आबा ऐकत नाहीत. म्हणतात, आपल्या रानात कांदा येतो तर कांदा लाव. तुम्ही जरा बोला आबांशी."

मी म्हटले, "अरे, मी इतिहास शिकवतो. सफरचंदातलं मला काय कळतं?"

तो हसून म्हणाला, "सर, इतिहासात कुणीतरी असलं काही लावलंच असेल की!"

वाक्य सहज बोललेले होते, पण मला रात्रभर झोप लागू दिली नाही त्याने. खरेच, लावले आहे. एकाने नव्हे, अनेकांनी. त्यात बादशहा आहेत, गव्हर्नर आहेत, डॉक्टर आहेत, जन्मठेपेचे कैदीसुद्धा आहेत. आणि यातला बराचसा खेळ आपल्या पुण्याच्या पंचक्रोशीत आणि वर महाबळेश्वरी झालेला आहे.

आधी बादशहाची गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. १५२६ साली बाबराने दिल्ली घेतली. राज्य मिळाले, खजिना मिळाला. पण या गृहस्थाचे मन काबूलच्या खरबुजांत आणि द्राक्षांत अडकलेले. आपल्या आत्मचरित्रात तो हे अगदी मोकळेपणाने लिहितो. काबूलहून आलेले एक खरबूज कापताना त्याच्या डोळ्यांना पाणी आले, असे त्याने स्वतः नमूद केले आहे. ज्याने पानिपत मारले तो माणूस खरबुजापुढे रडला! मग त्याने बल्खचा एक माळी गाठला आणि आग्र्याच्या बागेत खरबुजे आणि द्राक्षाचे वेल लावविले. ते फळाला आले तेव्हा त्याला कोण समाधान झाले. मौज अशी की याच बाबराने, दिल्ली घेण्यापूर्वी, हिंदुस्थानातली केळ आणि ऊस नेऊन जलालाबादजवळच्या आपल्या बागेत लावला होता. म्हणजे तिकडे असताना इकडचे हवे आणि इकडे आल्यावर तिकडचे. तेव्हा गच्चीवर पॅन्झीची कुंडी ठेवणाऱ्या पुणेकराने फार लाजू नये.

आता एक प्रश्न विचारतो. शिक्षकमंडळींनी तो वर्गातही विचारून पाहावा. सीताफळ कुठले? मुले म्हणतील, सासवडचे, दौलताबादचे. नावात साक्षात सीतामाई; शेजारी रामफळ. पण वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात की ही दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडातली. जुन्या कोरीव कामात सीताफळ दिसते असे कनिंगहॅमसारख्या पंडितांनी म्हटले होते, त्यावर वादही पुष्कळ झाला. परंतु झाडाचे माहेर पलीकडचे, याबद्दल आज फारशी शंका उरलेली नाही. मिरची तिकडची, भुईमूग तिकडचा, मका तिकडचा, पपई, अननस, काजू, चिकू, तंबाखू सगळी तिकडची. बटाटा हे तर नावच पोर्तुगीज. ही झाडे गोव्याच्या आणि इतर बंदरांतून आली, वर चढली, आणि दोन-तीन शतकांत अशी मुरली की आजीच्या हातच्या ठेच्याला परदेशी म्हणायची कुणाची छाती नाही.

पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. यांतली बहुतेक झाडे उष्ण मुलखातून उष्ण मुलखात आली. त्यांना घर बदलले एवढेच. हवा फारशी बदलली नाही. बटाटा तेवढा थंड डोंगरावरचा, म्हणून तो आपण रब्बीत किंवा उंचावर घेतो. खरी परीक्षा थंड मुलखातल्या झाडांची. त्यांच्यापायी साहेबलोकांनी आपल्या भागात जो खटाटोप केला त्याकडे आता वळू.

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याला लागलात की दापोडी लागते. आज तिथे कारखाने आणि वस्ती. पण पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांच्या आतच, १८२८ च्या सुमारास, तिथे मुंबई सरकारची वनस्पती-बाग सुरू झाली. सर जॉन माल्कम तेव्हा मुंबईचे गव्हर्नर. पावसाळ्यात गव्हर्नरचा मुक्काम दापोडीच्या बंगल्यात असे, आणि बंगल्याभोवती ही बाग. हेतू सरळ होता. जगभरातली उपयोगी झाडे आणायची, इथे रुजतात का पाहायचे, रुजली तर रयतेला द्यायची आणि महसूल वाढवायचा. हौस होती, हिशेबही होता. त्या राज्यात ही दोन्ही नेहमी एकाच बैलगाडीला जुंपलेली असत.

१८३८ पासून या बागेची व्यवस्था डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आली. हा माणूस मला मोठा मनोरंजक वाटतो. देवी टोचण्याच्या कामावर तो दख्खन-खानदेशात हिंडलेला. गावोगावची माती, पाणी, पीक त्याने डोळ्यांनी पाहिलेले. जुन्नर भागात हिवरे येथे त्याने दुसरी बाग केली, तिथे औषधी वनस्पती लावल्या. माझ्या विद्यार्थ्याचे गाव तिथून फार लांब नाही, आणि त्याला याचा पत्ताही नव्हता! पुढे १८४७ साली गिब्सन मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचा प्रमुख झाला. त्याच सुमारास त्याने एका चित्रकाराकडून दापोडीच्या बागेतल्या झाडांची चित्रे काढवून घेतली. चित्रकार बहुधा पोर्तुगीज-हिंदी वंशाचा. त्याचे नाव टिकले नाही. चित्रे मात्र टिकली. आज ती स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात आहेत. दापोडीची बाग १८६५ च्या सुमारास मोडली, झाडे गेली, आणि कागदावरची पाने-फुले थंड देशात सुरक्षित राहिली. परमुलखाच्या रोपाची अशीही एक गत.

गिब्सनने आणखी एक गोष्ट केली, ती ओझरती सांगून पुढे जातो. डोंगरावरची झाडे तोडली की झरे आटतात आणि खालचा मुलूख कोरडा पडतो, असे तो त्या काळी सरकारला बजावीत होता. बाहेरची झाडे आणण्यासाठी नेमलेला माणूस इथल्याच झाडांची चिंता करीत बसला, हे मला त्याच्या साऱ्या बागकामापेक्षा मोठे वाटते.

याच काळातली दुसरी गोष्ट कोथरूडची. मी कोथरूडला राहतो, म्हणून जरा अगत्याने सांगतो. मुट्टी नावाचा एक इटालियन गृहस्थ पुण्यास आला. रेशमाचा त्याला ध्यास. १८३० नंतरच्या दशकात सरकारने त्याला पाठबळ दिले, आणि कोथरुडास त्याने तुतीची लागवड केली. तुती काही हट्टी झाड नाही, ती आपल्याकडे चांगली वाढते. पण रेशीम तुतीला येत नाही, किड्याला येते; आणि किड्याला घरातली हवा बेताची, ओलसर, सारखी लागते. देशावरचा एप्रिल-मे म्हणजे भट्टी. दहा-बारा वर्षे धडपड चालली. पुढे ते सारे बारगळले. आज कोथरूडच्या सिमेंटच्या रस्त्यांवरून जाताना इथे कधी तुतीचे मळे होते हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. सिल्कच्या साड्यांची दुकाने मात्र पुष्कळ आहेत.

आता महाबळेश्वर. १८२९ साली साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून इंग्रजांनी ही जागा घेतली आणि मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव दिले. माल्कमसाहेबांच्या नावाने माल्कमपेठ वसली. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंची, हवा थंड, सकाळी धुके. साहेबाला घर आठवले. मग घर आठवले की घरची भाजीही आठवते. बटाटे हवेत, वाटाणे हवेत, स्ट्रॉबेरी हवी.

पण हे सारे लावणार कोण? इथे या गोष्टीत एक निराळीच माणसे येतात. १८३४ च्या सुमारास महाबळेश्वरी एक तुरुंग बांधला गेला, आणि त्यात मलाक्का, सिंगापूर वगैरे ठाण्यांवरून पाठविलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले. शंभर-सव्वाशे माणसांची सोय होती. या माणसांनी रस्ते केले, वेताच्या वस्तू केल्या, आणि बागा केल्या. विलायती भाज्या आणि बटाटा महाबळेश्वरच्या मातीत जो रुजला तो मुख्यतः यांच्या हातून. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. आज तिथे एक धबधबा आहे, त्याला 'चायनामन फॉल' म्हणतात. जवळच त्यांच्या बागा होत्या म्हणून. सहलीला गेलेल्या मुलांना मी नेहमी तिथे थांबवतो. एका साहेबाला आपल्या देशाचा वाटाणा खावासा वाटला, म्हणून दुसऱ्याच देशाच्या, बेडी घातलेल्या माणसाने तो तिसऱ्याच देशाच्या डोंगरावर पिकविला. साहेबाला निदान वाटाणा मिळाला. त्या कैद्यांना आपल्या गावचे काय आठवत असेल, आणि एखादे बी त्यांनीही कुठे कोपऱ्यात टोचले असेल का, हे कुठल्या दप्तरात सापडायचे नाही.

महाबळेश्वरचा बटाटा तगला. सिंकोना तगली नाही. ती गोष्ट जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण तिथे नुसत्या जिभेचा प्रश्न नव्हता, जिवाचा होता. हिवतापाने त्या काळी गावेच्या गावे अंथरुणाला खिळत. त्यावर एकच औषध, कोयनेल. आणि ते मिळे सिंकोना झाडाच्या सालीतून. हे झाड दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचे. १८६० साली क्लेमंट्स मार्कहॅम याने पेरूत जाऊन बी आणि रोपे मिळवली, आणि निलगिरीत उटकमंडला त्यांची लागवड झाली. तिथे ती साधली. मग मुंबई सरकारलाही वाटले, आपल्याकडे महाबळेश्वर आहे, उंची आहे, थंडी आहे, पाऊस आहे. इथे का नको? १८६५ च्या सुमारास महाबळेश्वराजवळ लिंगमळ्याला लागवड सुरू झाली. लिंगमळ्याचा धबधबा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच परिसरात.

दहाएक वर्षांत ते काम सोडून द्यावे लागले. रोपे मरत गेली. का? महाबळेश्वरला पाऊस सुमारे सहाशे सेंटिमीटर पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्या मातीतून पाणी धो धो वाहून जाते. त्यानंतर आठ महिने थेंब नाही. फेब्रुवारीपासून तर हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. अँडीजच्या उतारावर आणि निलगिरीवर पावसाचे वर्षभर जाणे-येणे असते. सिंकोनाला पाऊस हवा होता, पण थोडा थोडा आणि सारखा. आपल्याकडे तो सावकाराच्या कर्जासारखा एकदम येतो आणि मग वर्षभर तोंड दाखवत नाही. उंची मोजली, थंडी मोजली, पावसाचा वर्षाचा आकडाही मोजला. तो पाऊस बारा महिन्यांत कसा वाटला गेला आहे ते मात्र पुरते पाहिले नाही.

याच डोंगरावर स्ट्रॉबेरी मात्र अशी फळली की आज देशात स्ट्रॉबेरी म्हटले की महाबळेश्वर-पाचगणीच आठवते. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिचे कसे जमले? युरोपात स्ट्रॉबेरीचे झाड जमिनीत वर्षानुवर्षे राहते. आपल्या शेतकऱ्याने तो आग्रहच सोडला. परदेशातून मातृरोपे येतात, वाई-पाचगणीच्या बाजूला रोपवाटिकांत त्यांचे धावते फुटवे पिशव्यांत धरतात, पावसाचा जोर सरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ती रोपे गादीवाफ्यावर लावतात, थंडीभर फळ घेतात, आणि पुढचा पावसाळा यायच्या आत मळा मोडतात. दर वर्षी नवा संसार. चार महिन्यांच्या मुसळधारेशी झाडाने लढावे ही अपेक्षाच ठेवली नाही. हे ज्ञान भिलारच्या शेतकऱ्याला कुणी पुस्तकातून दिलेले नाही; बाकी आता भिलार हे पुस्तकांचे गाव म्हणूनही प्रसिद्ध झाले आहे, शिक्षकांनी मुलांना अवश्य न्यावे. एका फेरीत दोन्ही पदरी पडते.

पण खरी कमाल बघायची असेल तर द्राक्षाची. द्राक्ष आपल्याकडे नवे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता, त्याने तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची तारीफ लिहून ठेवली आहे. जुन्या माणसांना भोकरी, फकडी, पंढरी साहेबी ही नावे आठवत असतील. तरीही वेल मूळचा थंडीचा. त्याच्या देशात हिवाळ्यात बर्फ पडते, वेल पाने गाळून झोपतो, वसंतात जागा होतो, उन्हाळ्यात फळ भरते, शरदात खुडतात. वर्षाला एक झोप, एक जाग. आपल्याकडे ती झोप लावणारी थंडीच नाही. वेल बारा महिने हिरवा राहतो, नुसता फोफावतो, आणि त्याला सोडून दिले तर मांडव भरून पाने, घड बोटांवर मोजण्याइतके.

यावर आपल्या शेतकऱ्याने तोड काढली ती कात्रीची. एप्रिलात, वेल भरात असताना, तो खरडून काढायचा; एखाद-दोन डोळे ठेवून बाकी सारे उतरवायचे. हीच खरड छाटणी. नव्या माणसाला ते बघवत नाही. भर उन्हाळ्यात बोडका मांडव! पण त्या उन्हात जी नवी काडी फुटते तिच्या डोळ्यांत पुढच्या घडाची बीजे धरली जातात. मग पावसाळा सरला की ऑक्टोबरात दुसरी छाटणी, गोडी छाटणी. त्या कापलेल्या काडीच्या डोळ्यांना आता रसायनाचे पेस्टही लावतात, म्हणजे ते एकदम जागे होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्ष तयार. म्हणजे काय केले? जो हिवाळा निसर्गाने दिला नाही तो कात्रीने दिला. वेलाला वाटते, झोपून उठलो. इतकी लबाडी एखाद्या झाडाशी इतक्या प्रेमाने क्वचितच कुणी केली असेल.

यात सुखच सुख आहे असे मात्र कुणी समजू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला की डाऊनी येतो आणि एका आठवड्यात फुलोरा जळतो. फळ तयार असताना गारपीट झाली तर वर्षाची कमाई मांडवाखाली पडलेली दिसते. जमिनी चोपणायला लागल्या, पाणी कमी पडू लागले, तेव्हा टेक्सासकडच्या रानवेलाची मुळे आणून त्यांवर आपली द्राक्षे बांधावी लागली. डॉगरिज म्हणतात तो हाच. १९६० साली पुण्यात द्राक्ष बागाईतदारांचा संघ निघाला, १९९७ साली मांजरीला राष्ट्रीय संशोधन केंद्र आले. इतकी माणसे इतकी वर्षे राबली आहेत तेव्हा कुठे आपल्या बाजारात मार्चमध्ये द्राक्षाची पेटी दिसते. मधल्या काळात ज्यांच्या बागा बुडाल्या त्यांची नावे कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

आणखी एक वाट आहे, आणि तीही पुण्यातूनच जाते. दापोडी मोडल्यावर गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीत गेला. आज विद्यापीठ आहे तीच इमारत. तिथे १८७३ साली नवी वनस्पती-बाग झाली; वुड्रो हे तिचे अधीक्षक, आंब्याचे मोठे दर्दी. पुढे त्याच बागेत डॉ. चीमा या पंजाबी फळशास्त्रज्ञाने हयातभर काम केले. त्यांची रीत पाहा. लखनौकडच्या पेरूचे बी लावले, शेकडो रोपे उगवली, त्यांतून इथल्या हवेत जे उत्तम फळले ते एक निवडले. तोच लखनौ-४९, ज्याला आपण सरदार म्हणतो. आळंदी जातीच्या डाळिंबाच्या रोपांतून १९३६ साली असेच एक निवडले, तोच पुढे 'गणेश' झाला. पंढरी साहेबीच्या रोपांतून निघालेल्या द्राक्षाला तर लोकांनी त्यांचेच नाव दिले: चीमा साहेबी. बाहेरचे झाड आणून जगविण्यापेक्षा त्याची शंभर लेकरे इथल्या उन्हात वाढवायची, आणि त्यांतले कोणते इथले झाले ते बघायचे. वेळ फार लागतो. पण गणेशखिंडीची ती बाग अजून उभी आहे, आणि २०२० साली शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले आहे.

हेच सातासमुद्रापलीकडे आपल्या आंब्याचे झाले. अमेरिकेच्या शेतीखात्याने १८८९ साली हिंदुस्थानातून मलगोबाची कलमे मागविली आणि फ्लोरिडात प्राध्यापक एल्ब्रिज गेल या वृद्ध गृहस्थांकडे लावायला दिली. आपल्याला सफरचंद हवे, त्यांना आंबा! १८९४-९५ च्या हिवाळ्यात तिथे कडक हिम पडले आणि कलमे गेली. एकच वाचले. १८९८ साली त्याला फळ आले. त्या झाडाच्या कोया कॅप्टन हेडन नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याने १९०२ साली आपल्या आवारात लावल्या. फळ बघायला तो राहिला नाही. त्याच्या पत्नीने झाडे जपली, आणि १९१० साली एका झाडाला असा तांबूस, देखणा आंबा आला की 'हेडन' हे नाव अमेरिका खंडभर झाले. तिकडच्या बाजारातले कितीतरी आंबे त्याची मुले-नातवंडे आहेत. आपल्या हापूसवाल्याला त्याची चव पसंत पडायची नाही, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला हे सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग लावू की नको?"

मी म्हटले, जुन्या जातीच्या सफरचंदाला हिवाळ्यात सात अंशांखालचे हजारभर तास लागतात असे शास्त्र सांगते. तुझ्या रानात जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा तिथवर जातही असेल, पण दहा वाजता तुला स्वेटर काढावा लागतो. त्यावर तो म्हणाला की ही जात निराळी आहे. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याच्या उष्ण भागात, हरिमन शर्मा या शेतकऱ्याने एका आपसूक उगवलेल्या झाडातून तयार केलेली, तिला थंडी फार कमी लागते. हे खरे आहे. एचआरएमएन-९९ असे तिचे नाव. या कामासाठी शर्मांना पद्मश्रीही मिळाली आहे. म्हणजे चीमांचीच रीत. मग मी त्याला एवढेच विचारले की थंडीचे जमले. आपल्या पावसाचे काय? जूनमध्ये फळ तयार व्हायचे आणि जूनमध्येच पाऊस लागायचा. आणि पाऊण एकर का? दहा झाडांनी तुला जे कळेल ते पाऊण एकरानेही तेवढेच कळेल. फरक फक्त सोसायटीच्या हप्त्याचा.

हे बोलणे चालू असताना आई आतून ऐकत होती. ती मूळची गुहागरकडची. बंगला पाडून आमची इमारत झाली तेव्हा तिने एका पिंपात पोफळीचे रोप लावून ते गच्चीवर ठेवले. त्याला आता नऊ वर्षे झाली. मार्च लागला की पानांची टोके करपतात, मग ती गोणपाट भिजवून भोवती बांधते. सुपारी आजवर एक लागलेली नाही. मी तिला कितीदा सांगितले की पोफळीला समुद्राची दमट हवा लागते, इथे ती यायची नाही. ती म्हणते, मला काय दुकान घालायचंय?

त्या मुलाने आईची पोफळ वर जाऊन पाहिली, पानाला हात लावून पाहिला, आणि काही न बोलता गेला.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. दहा रोपे लावली, विहिरीच्या कडेला, जिथे दुपारनंतर सावली असते. बाकीच्या रानात कांदा. आबा अजून बोलत नाहीत का, असे मी विचारले. तो म्हणाला, "नाही सर. पण सकाळी मी जायच्या आत रोपांना पाणी घातलेलं असतं."